लाईट जायची वाट बघणारी बिल्डिंग

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आलं ते एका बटाटेवड्यामुळे. कमिटीच्या मिनिट्समध्ये मी हे लिहिलेलं नाही, पण खरं तेच आहे.

कामोठ्यात सोसायटीची मीटिंग म्हणजे वडे आणि चहा. नुसती नोटीस लावली तर चेअरमन, मी आणि वॉचमन एवढेच जमतो, आणि वॉचमनला मत नसतं. वड्यांचा वास जिन्यातून वर चढला की कोरम होतो. सेक्रेटरी झाल्यावर हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. आता मी सेक्रेटरी कशी झाले ते विचारू नका. एका मीटिंगला पाण्याच्या टाकीवरून जरा जास्त बोलले, तर सगळे म्हणाले, मग तुम्हीच करा ना मॅडम. जास्त बोलणाऱ्याचं तोंड बंद करायची आपल्याकडे हीच रीत आहे. माझं काही बंद झालं नाही, तो भाग वेगळा.

तर त्या मीटिंगला सोलर कंपनीचा एक सेल्समन आला होता. इस्त्रीचा शर्ट, घामाघूम, हातात लॅपटॉप. बोलला चांगलं. म्हणाला, गच्चीवर पॅनल बसतील, त्यावर तुमची लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे चालतील, उरलेली वीज बोर्डाला जाईल आणि सोसायटीचं लाईटबिल पार खाली येईल. लोक हूं हूं करत मोबाईल बघत होते. सोसायटीचं बिल हा विषय आमच्याकडे कुणाला जागं ठेवत नाही, कारण ते मेंटेनन्समध्ये गुपचूप मिसळून जातं. तेवढ्यात वडे आले. सेल्समन भुकेला असावा. कढईतून नुकता निघालेला एक अख्खा वडा त्याने तोंडात टाकला, आणि नेमकं तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "म्हणजे आता लाईट जाणार नाही ना?"

त्या माणसाने मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, जीभ भाजली होती बिचाऱ्याची. ती मान 'हो'ची होती, 'नाही'ची होती की 'पाणी द्या'ची होती, हे आजही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण बिल्डिंगने ती 'जाणार नाही'ची धरली. एकदम सगळे जागे झाले. ठराव एकमताने पास, आणि वरून दोन प्लेट वडे जास्त गेले.

तुम्ही म्हणाल, बाई, तू सेक्रेटरी, तू तरी नीट विचारायचं. पण आमच्याकडे लाईट म्हणजे काय हे आधी समजून घ्या. वीज आमच्याकडे आभाळातून पडते. घरात असते ती लाईट. लाईट येते, लाईट जाते, कुणाला सांगून जात नाही आणि कुठे गेली होती ते आल्यावर सांगत नाही. उन्हाळ्यात दुपारी जाते, पावसाळ्यात कधीही जाते. अशा बयेला कुणी घरात बांधून ठेवतो म्हणत असेल तर चौकशा कोण करतं? आणि मला तर ते वाक्य खरंच हवं होतं. बिलाशी मला काही घेणंदेणं नव्हतं. मला न थांबणारी लिफ्ट हवी होती, तीही माझ्यासाठी नाही. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिवसभर अकाउंट्सला बसते, संध्याकाळी सात मजले चढले तर उलट कंबरेला बरंच.

लिफ्ट हवी होती ती आत्याबाईंसाठी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या परभणीकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, वर फक्त गच्ची. आत्याबाईंचे गुडघे गेलेत. कठड्याला धरून एक जिना कसाबसा चढतात, पण उतरायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं.

आणि खाली, पहिल्या मजल्यावर, खाला. श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान, आत्याबाईंच्याच वयाच्या, दम्याच्या. पहिला मजला त्या हळूहळू चढतात-उतरतात, त्याच्यावर चढायला डॉक्टरांची बंदी. आत्याबाई गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा इथे त्यांचं चित्त लागेना. कुणाशी बोलायची सोय नाही, सगळ्यांची दारं बंद. गेटजवळच्या बाकावर एक दिवस खाला भेटल्या. एकीचं बोलणं समुद्राकाठचं, दुसरीचं काळ्या मातीतलं, पहिला महिनाभर एकमेकींना अर्धंच कळत असणार. पण उरलेलं अर्धं त्या हातवाऱ्यांनी भागवायच्या. मग रोज संध्याकाळी बाक ठरलेला. आत्याबाई धपाटे न्यायच्या, खाला सांदणं आणायच्या. 'जयभीम' आणि 'सलाम' झाल्यावर दोघी मिळून आख्ख्या बिल्डिंगच्या सुनांची हजेरी घ्यायच्या. माझीही, आणि माझी सगळ्यात जास्त.

दोन उन्हाळ्यांपूर्वी भाजी घेऊन दोघी लिफ्टने वर येत होत्या. खालांना आत्याबाईंकडून येसर मसाला हवा होता, म्हणून त्या सातव्यापर्यंत निघालेल्या. मध्येच लाईट गेली. आत अंधार, पंखा बंद, लिफ्टची किल्ली चेअरमनकडे आणि चेअरमन साताऱ्याला. दार उघडेपर्यंत खालांचा श्वास लागला होता. त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा पदराने वारा घालून घालून त्यांचा हात वर होईना. मला एवढंच म्हणाल्या, "तिचा हात गार पडला व्हता गं. मला वाटलं, गेली."

त्या दिवसापासून आत्याबाई लिफ्टमध्ये बसल्या नाहीत. खालाही नाहीत. म्हणजे दोघी एकाच जिन्याच्या दोन टोकांना, आणि बाक रिकामा.

मग काय, फोन. दोघींच्या गॅलऱ्या एकाच बाजूला. आत्याबाई वरून वाकून खाली बघायच्या, खाला खालून मान मोडेस्तोवर वर बघायच्या, दोघींच्या कानाला फोन, आणि तरी दोघी ओरडूनच बोलायच्या. मधल्या पाच मजल्यांना सगळं फुकटात. माझा नवरा घोरतो हे पाचव्या मजल्याला असंच कळलं. दोरीला पिशवी बांधून खाऊ वर-खाली चालायचा. एकदा खालांनी सहा सांदणं चढवली आणि वर पाचच पोचली. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीचा मला आजही संशय आहे.

हे सगळं चाललं असतं. पण या उन्हाळ्याच्या सुरुवातीला कळलं की खाला कायमच्या गावाला चालल्या. खालूंनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, तिकडे घर बांधलंय, हवा चांगली, दम्याला बरं, मे संपायच्या आत हलायचं. आत्याबाईंनी फोनवर ऐकलं, फोन ठेवला आणि गहू निवडत बसल्या. ते गहू आदल्या दिवशीच निवडून झालेले होते.

रात्री जेवताना मी म्हटलं, "आत्याबाई, खाला जायच्या आधी एकदा खाली चला. मी धरते तुम्हाला. लिफ्टला काही होत नाही."

"त्या पेटीत म्या बसणार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पर ती सोबत असली आन पुन्हा तसं झालं तर? लाईट जाणार न्हाई अशी लिफ्ट करा. मग बसते."

आता कळलं ना, त्या वड्यावर माझा का जीव जडला होता?

पॅनल बसायला माणसं आली तशी आत्याबाईंनी गच्चीचा ताबा घेतला. एक जिना चढून जायच्या, दारातल्या सावलीत स्टूल टाकायच्या आणि कामगारांना चहा देता देता हुकूम सोडायच्या. हा नीट बसव, तो वाकडा दिसायलाय, कावळे बसतील तिथं. सगळ्या पाट्या एकाच दिशेला तोंड करून का, हे त्यांना पटेना. म्हणाल्या, "पंगत बसवलीय जणू, आन वाढायला कुणीच न्हाई." पॅनल चालू झाले त्या दिवशी चेअरमननी नारळ फोडला, आत्याबाईंनी साखर वाटली आणि जिन्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. घोडं गंगेत न्हालं असं मला वाटलं. मी लिफ्टचं दार उघडून उभी राहिले आणि म्हटलं, चला.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आधी लाईट जाऊ दे," म्हणाल्या.

"काय?"

"आधी लाईट जाऊ दे. गेल्यावर बी लिफ्ट चालली की मग बसते. न बघता कशाला बसू? एवढी येडी हाय का मी?"

बरोबरच होतं हो. हातच्या काकणाला आरसा कशाला? कामोठ्यात लाईट जायला किती वेळ लागणार? आज नाही तर उद्या दुपारी. मी ऑफिसला निघून गेले.

त्या दिवशी लाईट गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यातही नाही. जन्मभर आम्ही जिला शिव्या घातल्या ती बया हलायचं नाव घेईना. एरवी कुणी कपडे वॉशिंग मशीनला लावले की हटकून जाणारी, मिक्सरमध्ये चटणी अर्धी असताना जाणारी, मॅचच्या शेवटच्या ओव्हरला जाणारी, ती आता पतिव्रतेसारखी घरात ठाण मांडून बसली. आख्ख्या बिल्डिंगला हे प्रकरण कळलं होतं, ते गॅलरीच्या फोनमुळे. सकाळी जिन्यात भेटले की लोक एकमेकांना विचारायचे, "गेली का?" "नाही हो." "बघू, दुपारी जाईल." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर लाईट जावी म्हणून देव पाण्यात घातले. खरंच. तांब्याच्या ताम्हनात.

शेवटी चेअरमननी बोर्डाच्या ऑफिसला फोन लावला. चेअरमन म्हणजे देशावरचा सरळ माणूस, आडवं-तिडवं येत नाही. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"साहेब, आमच्याकडे लाईट कधी जाणार आहे?"

"लाईट आहे ना?" पलीकडचा म्हणाला.

"आहे."

"मग तक्रार काय?"

चेअरमननी जरा विचार केला. "तीच," म्हणाले. फोन कट झाला.

मी मात्र आतून कासावीस होत होते. खालांच्या घरातून खोकी बांधायचा आवाज यायला लागला होता. दोरीच्या पिशवीतून आता खाऊच्या जागी वस्तू वर यायला लागल्या: एक पितळी झारा, लोणच्याची बरणी, वाढलेल्या कोरफडीचं एक रोप. ही काय पद्धत झाली निरोप घ्यायची? पण आत्याबाई रोज गॅलरीत उभ्या राहून ऊन बघायच्या, ऊन कडक असलं की मान डोलवायच्या, आणि लाईटची वाट बघत बसायच्या.

नुसतं वाट बघत बसणं त्यांच्या रक्तात नाही. एक दिवस त्यांनी गावाकडून आणलेल्या बाजरीचं दळण केलं आणि खारोड्यांचा घाट घातला. वाळवायच्या कुठे? एरवी गच्ची होती. आता गच्चीवर पॅनलची पंगत, आणि ऊन सगळं पॅनलवर. आत्याबाईंनी हिशेब साधा केला. ऊन जिथे, वाळवण तिथे. धुतलेलं जुनं नऊवारी पातळ आणलं, तिसऱ्या रांगेतल्या पाट्यांवर ताणून पसरलं, कडा विटांनी दाबल्या आणि त्यावर बोटाबोटाच्या अंतरावर खारोड्या टाकल्या. मी ऑफिसात.

दुपारी मला महापेहून फोन. सोलर कंपनीची इंजिनियर पोरगी होती, चटपटीत, कंपनीत नवीन. "मॅडम, तुमचं विजेचं जनरेशन एकदम पडलंय. तिसऱ्या रांगेवर कसली तरी सावली येतेय. शेजारी नवीन बिल्डिंग उभी राहिली का? मी बघायला येतेय."

मी म्हटलं, कालपर्यंत तर नव्हती. आमच्याकडे रात्रीत बिल्डिंग उभी राहते हे खरं असलं तरी एवढ्या पटकन नाही. तिच्या आवाजावरून मला गडबड वाटली, म्हणून मी हाफ डे टाकला आणि तिच्या मागोमाग घरी पोचले.

गच्चीवर इंजिनियर पोरगी कमरेवर हात ठेवून उभी होती, समोर लुगडं, लुगड्यावर खारोड्या. स्टुलावर आत्याबाई.

"आजी, याच्यावर काही ठेवायचं नसतं," ती म्हणाली.

"का बरं? ऊनच खातंय ना ते? मग थोडं खारोड्यांनी खाल्लं तर काय बिघडलं?"

पोरीने एक खारोडी उचलून तोंडात टाकली, मग दुसरी. अर्ध्या ओल्या खारोड्या म्हणजे काय चीज असते हे ज्याला माहीत नाही त्याचं मला वाईट वाटतं. थोड्याच वेळात दोघी शेजारी बसून खात होत्या आणि जनरेशन पडलेलंच होतं.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

कसं कळलं? कळतं हो. आख्ख्या कॉलनीतले एसी आणि पंखे थांबले की एक गुणगुण बंद होते. खालून एक पोरगं 'गेऽऽली' म्हणून ओरडलं. दुसऱ्या मजल्यावरून टाळ्या आल्या. आत्याबाई गुडघे विसरून उठल्या. चेहरा असा फुललेला मी फार दिवसांनी बघत होते.

"चल," मला म्हणाल्या. "लिफ्ट बोलव. तिला फोन लाव, म्हणावं येतेय मी."

मी धावत जिना उतरून सातव्यावर आले, बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. दाबून धरलं. पॅनलच्या मशीनमध्ये काही अडकलं असेल म्हणून परत वर आले, तर भिंतीवरच्या इन्व्हर्टरवर एरवीचा हिरवा दिवा जाऊन लाल लागलेला. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, डांबर वितळवणारं, आणि लाल दिवा.

"बंद कसं पडलं हे?" मी त्या पोरीला विचारलं.

"बंद पडलं नाही मॅडम. लाईट गेली ना, मग हे पण थांबणारच."

"म्हणजे लाईट गेल्यावर सोलर चालत नाही?"

"ग्रिडवरचं, म्हणजे बोर्डाच्या तारेला जोडलेलं, नाही चालत. लिफ्टसाठी वेगळी बॅटरी लावावी लागते, अडकली तर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी. सेल्सवाल्यांनी सांगितलं असेल की तुम्हाला."

सेल्सवाल्याने काय सांगितलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, गरम वड्यासकट. (ती बॅटरी आता बसली आहे. पण तो विषय पुढच्या मीटिंगला ठेवला होता, आणि आमची पुढची मीटिंग म्हणजे काय ते सांगायला नको.) मला त्या क्षणी रडू यायला लागलं होतं. आत्याबाईंकडे बघायची हिंमत होईना. आठवडाभर आख्खी बिल्डिंग जिची वाट बघत होती ती आली आणि आम्हाला तोंडावर पाडून गेली.

पण आत्याबाई रडणाऱ्यांतल्या नाहीत, भांडणाऱ्यांतल्या आहेत. पोरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ऊन हाय की. बघ, डोक्यावर हाय. मग ह्याला काय रोग झालाय? बोर्डाची लाईट गेली तर ती गेली. आपली आपल्या घरात हाय ना?"

"आजी, तार एकच आहे," पोरगी म्हणाली. तिने आत्याबाईंचा दंड धरला आणि कठड्यापाशी नेलं. रस्त्यापलीकडे जुन्या गावाच्या हद्दीत अजून खांब आहेत. एका खांबाखाली बोर्डाची गाडी उभी होती, आणि वर, तारांच्या मधे, कमरेला पट्टा बांधून एक माणूस. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं. पिवळं हेल्मेट तेवढं दिसत होतं. "आपलं सोलर चालू राहिलं, तर आपली लाईट त्या तारेतून बाहेर जाईल. त्याला वाटतंय तार बंद आहे. तो हात घालतो. म्हणून हे स्वतःहून थांबतं, कुणी न सांगता."

"आन न्हाई थांबलं तर?"

हातातली खारोडी पोरीने परत लुगड्यावर ठेवली.

आत्याबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ. उन्हाचा त्रास होईल म्हणून मी छत्री आणली, ती त्यांनी घेतली नाही. खांबावरचा माणूस काहीतरी ओढत होता, थांबत होता, घाम पुसत होता. मग तो उतरला, गाडीच्या बोनेटवर हेल्मेट ठेवून पाणी प्यायला, आणि थोड्या वेळाने कॉलनीची गुणगुण परत सुरू झाली. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला. आत्याबाईंनी एकेक करून विटा काढल्या, लुगड्याच्या चारी कडा उचलल्या आणि खारोड्या घेऊन खाली गेल्या. लिफ्टबद्दल एक शब्द नाही. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "भाजीला काय करायलीस?"

त्यानंतर दोनच दिवसांनी खालांचा टेम्पो आला. रविवार होता, मी घरीच होते. गेटवर फ्रीज, पलंग, पोत्यात बांधलेली भांडी. खालू ड्रायव्हरशी वाद घालत होते. मी आत्याबाईंना गॅलरीत खुर्ची दिली, फोन दिला. म्हटलं, इथूनच बघा, आता काय करणार. त्या उठल्या, चपला घातल्या, पदर खोचला आणि दाराबाहेर गेल्या. मला वाटलं जिन्यात उभ्या राहून खाली बघणार असतील. मग लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

मी पळत बाहेर आले तोवर लिफ्ट निघाली होती. वरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिले. सहा, पाच, चार. तीन, दोन, एक. लिफ्ट पहिल्यावर थांबली. जिन्यातून ऐकू आलं, खाला मोठ्याने हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.

"तूच आलीस गं बाय?"

"मीच आले. आता तू चल. सामान जातंय की, त्याला काय तुझा हात धरायचाय? दोन वर्सं झाली, माझ्या घरचा चहा पी आन जा."

खाला नको नको म्हणत असताना आत्याबाईंनी त्यांना आत ओढलं असणार, कारण आकडे परत चढायला लागले. मी धावत घरात गेले आणि आधण ठेवलं. दुधाचं पातेलं हातात, आणि तेवढ्यात पंखा थांबला.

पातेलं तसंच ओट्यावर टाकून मी जिन्यात आले. लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मधे कुठेतरी अडकली होती. सहाव्यावर उतरून दाराच्या फटीला कान लावला. "आत्याबाई, काही नाही, काही काळजी करू नका. चेअरमन किल्ली आणायला गेलेत. खालांना दम लागलाय का? पंप आहे का त्यांच्याकडे?"

"वरडू नको," आतून आत्याबाईंचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. "पंप तिच्या पिशवीत हाय, घेतलाय तिनं. बरी हाय ती. बोलायली माझ्यासंग."

"आलेच ते, आलेच. मी खाली ओरडून सांगते त्यांना, पळत या म्हणून."

"कशाला पळवायलीस त्यांना? आन त्या बोर्डवाल्यांना फोन करून घाई कर म्हणू नको. वर माणूस चढला असंल. त्याचं होऊ दे आधी."

मग खालांचा आवाज, दमलेला पण चौकस. "कोण चढलंय गं?"

"असंल कुणाचा तरी लेक," आत्याबाई म्हणाल्या. "तू बस. टेक माझ्या खांद्याला."